‘थांबा!’ म्हणायची तालीम

थोबाडीत मारायला एक सेकंद पुरतो. शाळेच्या मागच्या फाटकापाशी चार पोरं पाचव्याला घेरतात, दप्तर हिसकावतात, कॉलर धरतात आणि मधली सुट्टी संपल्याची घंटा व्हायच्या आत सगळं उरकलेलंही असतं. मग मोठी माणसं येतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात, ‘सुरुवात कोणी केली?’ मार खाल्लेल्याला ते धड सांगता येत नाही आणि मारणाऱ्यालाही नाही. दोघांना आठवतो तो शेवट. कोण काय बोललं, कोण हसलं, कोण नुसतं बघत उभं राहिलं, कुठल्या घडीला माघार घेता आली असती, हे सगळं त्या धांदलीत वाहून गेलेलं असतं.

हे झालं चारचौघांत होणाऱ्या मारामारीचं. घरात, नात्यात, शिकवणीच्या खोलीत जे घडतं त्याची वाच्यताच होत नाही. केंद्र सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केला होता. तीनपैकी दोन मुलांनी मारहाण सोसल्याचं सांगितलं. कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार वाट्याला आल्याचं सांगणारी मुलं ५३ टक्के होती. त्यातल्या बहुतेकांनी तोवर कुणालाही काही सांगितलेलं नव्हतं.

नाच आणि नाटक इथे काय करू शकतात? ‘कलेमुळे मुलांचं मन मोकळं होतं’ हे उत्तर शिबिरांच्या पत्रकांत हमखास सापडतं. ते खोटं नाही, पण त्यातून काही कळत नाही. हे काम ज्यांनी वर्षानुवर्षं केलं त्यांची रीत जवळून पाहिली की वेगळीच गोष्ट लक्षात येते. ही मंडळी घटनेचा वेग कमी करतात. सेकंदात घडलेलं तासभर उलगडतात, मध्येच थांबवतात, मागे नेतात, दुसऱ्याला त्या जागी उभं करून पुन्हा खेळून बघतात. खऱ्या आयुष्यात हिंसेला ‘थांब’ म्हणायची सोय नसते. तालमीच्या खोलीत ती असते.

ही सोय रीतसर घडवली ऑगस्तो बोआल या ब्राझीलच्या नाट्यदिग्दर्शकाने. १९३१ साली रिओमध्ये जन्मलेले बोआल साओ पावलोच्या आरेना थिएटरमध्ये नाव कमावून होते. १९७१ मध्ये लष्करी राजवटीच्या माणसांनी त्यांना रस्त्यातून उचललं, तुरुंगात छळलं, आणि नंतर त्यांना देश सोडावा लागला. १९७३ साली ते पेरूमध्ये साक्षरता मोहिमेत काम करत होते. तिथे त्यांची पद्धत अशी असे : वस्तीतल्या कुणाची तरी खरी अडचण नटांनी करून दाखवायची, पेच आला की थांबायचं, प्रेक्षकांना तोडगा विचारायचा आणि तो नटांनीच करून दाखवायचा.

एके दिवशी एका बाईने आपली कथा दिली. नवरा घर बांधायचं म्हणून तिच्याकडून पैसे नेई आणि बदल्यात कागद आणून देई. बाईला वाचता येत नव्हतं. ते कागद तिने जपून ठेवले होते. नवऱ्याशी बिनसल्यावर तिने ते शेजारणीकडून वाचून घेतले तेव्हा कळलं, ती नवऱ्याला त्याच्या दुसऱ्या बाईने लिहिलेली प्रेमपत्रं होती. आता नवरा घरी येणार आहे, बाईने काय करावं? प्रेक्षकांनी नाना तोडगे सुचवले. त्यांच्यातली एक दणकट बाई सारखी म्हणत होती, ‘त्याच्याशी स्पष्ट बोलायला हवं.’ नटीने स्पष्ट बोलून दाखवलं. बाईचं समाधान होईना. आणखी स्पष्ट बोलून दाखवलं, तरी होईना. अखेर बोआल म्हणाले, तुम्हीच वर या आणि दाखवा. बाई वर आली, तिने केरसुणी उचलली आणि नवऱ्याचं काम करणाऱ्या नटाला बदड बदड बदडलं. मग खुर्चीत बसून त्याला जेवण आणायला पिटाळलं.

‘स्पष्ट बोलणं’ म्हणजे तिच्या लेखी काय, हे नटीला शब्दांतून कधीच कळलं नसतं. या प्रसंगातून बोआल यांनी प्रेक्षकालाच रंगमंचावर आणणारं ‘फोरम थिएटर’ उभं केलं. १९७४ साली त्यांचं ‘शोषितांचा रंगमंच’ या अर्थाच्या नावाचं पुस्तक आलं आणि जगभरच्या कार्यकर्त्यांनी ते उचलून धरलं. मला मात्र या गोष्टीत रस वाटतो तो केरसुणीमुळे. बाईने शोधलेला तोडगा हासुद्धा मारच होता. बोआल यांनी तिला गप्प केलं नाही, उपदेशही केला नाही. तोडगा चांगला की वाईट हे वरून सांगायचं नाही, तो सगळ्यांसमोर करून बघायचा आणि पुढे काय होतं त्यावर भांडायचं, हा या पद्धतीचा कणा आहे. तरुण मुलांबरोबर काम करताना तो मोडला की उरतो मूल्यशिक्षणाचा तास.

प्रत्यक्षात हे कसं चालतं ते एका नेहमीच्या नमुन्यावरून सांगतो. समजा, नववीतल्या एका मुलीचा फोटो कुणीतरी वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आहे. खाली घाणेरड्या कॉमेंट पडल्या आहेत. संध्याकाळी भावाला कळतं, तो घरी येऊन तिलाच मारतो आणि फोन काढून घेतो. आई ओट्यापाशी पाठमोरी उभी आहे. दहा मिनिटांचा हा प्रसंग मुलं एकदा सलग करतात. मग सूत्रधार पुढे येतो. बोआल त्याला पत्त्यांतल्यासारखा ‘जोकर’ म्हणत, कारण तो कुठल्याच बाजूचा नसतो. तो सांगतो, आता आम्ही हेच पुन्हा करू. जिथे काही वेगळं करता आलं असतं असं वाटेल तिथे ‘थांबा!’ ओरडा आणि त्या मुलीच्या किंवा तिच्या बाजूच्या कुणाच्या जागी येऊन करून दाखवा.

पहिला हात वर होतो तो बहुधा भावाला बदलण्यासाठी. ‘भाऊ समजूतदार असता तर?’ जोकर प्रेक्षकांना विचारतो, असा भाऊ या घरात अचानक कुठून आला? ही जादू झाली, जादू चालणार नाही. मारणाऱ्याला एका रात्रीत संत बनवता येत नाही हे मुलांना इथे पहिल्यांदा जाणवतं. मग कुणी मुलीच्या जागी येऊन उलट ओरडतं आणि भावाचं काम करणारा पोरगा आणखी चेकाळतो. कुणी आईच्या जागी येऊन मध्ये पडतं, तर भाऊ म्हणतो, ‘बाबांना सांगू का?’ आणि आई पुन्हा गप्प. तासाभराने कुणाच्या तरी लक्षात येतं की प्रसंग घरात सुरूच झालेला नाही. तो दुपारी सुरू झाला, वर्गातल्या एका मैत्रिणीने तो फोटो पाहिला आणि काही न बोलता फोन पालथा ठेवला तेव्हा. त्या घडीला कुणी उठून ‘थांबा!’ म्हणतं. हिंसेत मारणारा आणि मार खाणारा एवढे दोघेच नसतात, बघणारेही असतात, हे दहा भाषणांनी जे पोचत नाही ते इथे अंगाला कळतं.

भारतात हे काम सर्वांत चिकाटीने केलं ते बंगालच्या ‘जन संस्कृति’ने. संजय गांगुली यांनी १९८५ साली सुंदरबनच्या भागात ती सुरू केली. हुंडा, बालविवाह, घरातली मारहाण हे त्यांच्या नाटकांचे नेहमीचे विषय. एकदा प्रयोग करून गाशा गुंडाळायचा नाही, त्याच गावात तेच नाटक घेऊन पुन्हा पुन्हा जायचं, ही त्यांची रीत. पहिल्या खेळाला लोक हसतात, दुसऱ्याला भांडतात, आणि पुढे कधीतरी गावातली माणसं आपापसात ठरवू लागतात. आपल्याकडच्या एका दिवसाच्या ‘कार्यशाळा’ पाहिल्या की या चिकाटीची किंमत कळते.

नाटकाला शब्द लागतात. पण ज्याच्यावर बेतली त्याच्याकडे पुष्कळदा शब्दच नसतात. भीतीच्या क्षणी शरीर लढतं, पळतं किंवा गोठून जातं, आणि मुलांच्या बाबतीत गोठणं फार आढळतं. मग वर्षानुवर्षं त्याला एकच विचारलं जातं, ‘तू ओरडला का नाहीस?’ याचं उत्तर त्यालाही ठाऊक नसतं. ठाऊक असतं ते त्याच्या खांद्यांना, दाबून धरलेल्या श्वासाला, कुणी मागून आलं की दचकणाऱ्या पाठीला. इथे नाच कामाला येतो.

नाचाचा उपयोग उपचारासाठी करण्याची सुरुवात १९४०च्या दशकात वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात मॅरियन चेस या नर्तिकेने केली. न बोलणाऱ्या रुग्णासमोर ती उभी राही आणि त्याच्या हालचाली आपल्या अंगात घेई. तो डोलला की ही डोले, त्याचा हात थांबला की हिचा थांबे. आपल्याला कुणीतरी पाहतंय आणि धाक दाखवत नाहीये, एवढं त्या माणसाला कळलं तरी पहिली पायरी चढली. कोलकात्यात सोहिनी चक्रवर्ती यांनी हीच वाट आपल्या मातीत आणली. देहविक्रीच्या बाजारातून सोडवलेल्या मुलींबरोबर त्या १९९६ पासून काम करत होत्या, २००४ मध्ये त्यांनी ‘कोलकाता संवेद’ ही संस्था काढली. ज्या मुलीच्या शरीरावर दुसऱ्यांनीच हुकमत गाजवली तिला पहिल्या दिवशी मुद्रा शिकवून भागत नाही. आधी तिची जागा तिला द्यावी लागते. हात पसरून स्वतःभोवती वर्तुळ काढायचं, त्यात कुणाला किती जवळ येऊ द्यायचं ते तिनेच ठरवायचं, पाय आपटून, तळहात पुढे करून ‘नाही’ म्हणायचं, तेही आधी हळू, मग जोरात. यात शिकलेल्या काही मुली पुढे स्वतः प्रशिक्षक झाल्या. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, म्हणजे ‘टिस’मध्ये, या संस्थेच्या साथीने नृत्योपचाराचा पदविका अभ्यासक्रम चालवला गेला, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही.

हे झालं सोसणाऱ्यांचं. हिंसेच्या ऐन मध्यात असलेल्या, स्वतःही मारामाऱ्या करणाऱ्या पोरांसाठी नाचाने काय केलं, हे बघायला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जावं लागतं. १९७१ मध्ये दक्षिण ब्राँक्समध्ये गल्लोगल्ली टोळ्या होत्या आणि दुसऱ्याच्या गल्लीतून चालणं म्हणजे जिवाशी खेळ होता. ‘घेटो ब्रदर्स’ या टोळीने एका भांडणात समेट घडवायला आपला माणूस पाठवला, ‘ब्लॅक बेंजी’ नावाने ओळखला जाणारा. २ डिसेंबरला त्याला मारून टाकण्यात आलं. सगळ्यांना वाटलं, आता रक्ताचे पाट वाहणार. टोळीचा म्होरक्या बेंजी मेलेंडेझ याने सूड नाकारला. ८ डिसेंबरला हो अव्हेन्यूवरच्या मुलांच्या क्लबात टोळ्यांची बैठक बसली आणि तह झाला. तो काही सगळीकडे पाळला गेला नाही, पण पोरं एकमेकांच्या हद्दीत जाऊ लागली.

त्यानंतर दोन वर्षांच्या आतली गोष्ट. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत एका मुलीने शाळेच्या नव्या वर्षाच्या कपड्यांसाठी पैसे जमवायला पार्टी ठेवली आणि तिच्या भावाने, कूल हर्कने, रेकॉर्डी वाजवल्या. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा सुरू झाला की पोरं जीव तोडून नाचतात हे त्याने हेरलं होतं. पुढे एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावून तो तुकडा त्याने हवा तितका लांबवला. त्या लांबवलेल्या तालावरचा नाच म्हणजे ब्रेकिंग. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो खेळ म्हणून दिसला, पण तिथे त्याचं मूळ कुणाला आठवलं असेल अशी शंका येते.

मूळ असं की हा नाच म्हणजे सामना. दोघं समोरासमोर उभे, भोवती रिंगण. एकाने नाचून डिवचायचं, दुसऱ्याने नाचून परतवायचं. त्याच काळात ब्रुकलिनमध्ये रुजलेल्या ‘अपरॉक’मध्ये तर चाकू खुपसल्याचे, बंदूक झाडल्याचे, समोरच्याला उचलून आपटल्याचे आविर्भाव तालावर करतात. अट एकच, अंगाला हात लावायचा नाही. ज्याने लावला तो हरला. राग आहे तो राहू दे, ईर्ष्या आहे ती राहू दे, अपमान केल्याशिवाय राहवत नसेल तर तोही कर, पण तालात कर, तुझी पाळी येईल तेव्हा कर आणि समोरच्याची पाळी आली की थांब. ‘शांत राहा’ असं सांगणाऱ्या कुठल्याही भल्या माणसाला त्या पोरांनी उडवून लावलं असतं. या नाचाने त्यांना शांत राहायला सांगितलंच नाही.

पुढे लॉस एंजेलिसमध्ये हीच तऱ्हा झाली. रॉडनी किंग या कृष्णवर्णीयाला बेदम मारणारे पोलीस २९ एप्रिल १९९२ रोजी निर्दोष सुटले आणि शहर पेटलं. त्याच वर्षी थॉमस जॉन्सन नावाचा तरुण तोंड रंगवून ‘टॉमी द क्लाउन’ म्हणून मुलांच्या वाढदिवसांना नाचू लागला. त्याच्या पोरांच्या ताफ्यातून काही वर्षांनी ‘क्रम्पिंग’ निघालं. छाती झटक्याने बाहेर काढायची, पाय आपटायचे, मुठी हवेत फेकायच्या. नवख्याला ती मारामारीच वाटते. २००५ च्या ‘राइझ’ या माहितीपटात हा नाच जगाने पाहिला. एवढ्याने तिथला गोळीबार थांबला असं म्हणणारा भाबडा ठरेल. पण टोळीत जायचं की नाचणाऱ्यांत, एवढा तरी पर्याय त्या वस्तीतल्या पोरापुढे आला, आणि त्याआधी तो नव्हता.

मारणाऱ्या पोराबद्दल आपल्याकडे बोलायला कुणाला आवडत नाही. नाटकं बहुतेक सोसणाऱ्याच्या बाजूने उभी राहतात, ते बरोबरच आहे. पण हात उगारणाऱ्याच्या डोक्यात त्या घडीला काय चाललेलं असतं हे कळल्याखेरीज पुढची पायरी नाही. ब्रिटनमध्ये १९८७ पासून तुरुंगांत आणि गुन्ह्यात अडकलेल्या तरुणांबरोबर काम करणाऱ्या ‘गीझ थिएटर’ने यासाठी मुखवटे वापरले. नट अर्धा चेहरा झाकणारा मुखवटा घालून येतो. बेफिकीर, गुर्मीत बोलणारा पोरगा. प्रसंग रंगात आला की सूत्रधार त्याला थांबवून म्हणतो, ‘मुखवटा उचल.’ नट तो कपाळावर सरकवतो आणि आत काय आहे ते बोलतो : ‘सगळे बघतायत. आत्ता मारलं नाही तर उद्यापासून मला कुत्रं विचारणार नाही.’ मुखवटा खाली, पुन्हा गुर्मी. बघणाऱ्यांतले खरे गुन्हेगार थोड्या वेळाने स्वतःच ओरडू लागतात, ‘उचल, मुखवटा उचल!’ आपल्या आतला आवाज तिसऱ्याच माणसाच्या तोंडून ऐकणं त्यांना सोपं जातं. ‘तू असं का केलंस?’ या प्रश्नाला ते कधी उत्तर देत नाहीत. ‘हा असं का करतोय?’ याला देतात.

हे तिसरेपण फार महत्त्वाचं आहे, आणि आपल्याकडचे उत्साही लोक नेमके तिथेच घसरतात. मुलीवर जे बेतलं ते तिच्याच तोंडून, तिच्याच नावाने, प्रेक्षकांसमोर वदवून घेतलं की टाळ्या आणि हुंदके दोन्ही मिळतात. तिला मात्र ते सगळं पुन्हा भोगावं लागतं, या खेपेला लोकांदेखत. स्नेहसंमेलनांत आणि एकांकिका स्पर्धांत लाल दिवा, किंकाळी, फाटका दुपट्टा आणि शेवटी हात जोडून उभी असलेली सातवीतली पोर मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता त्याचा संताप येतो. बक्षीस बहुधा त्याच नाटकाला मिळतं. त्या पोरीला घरी जाऊन झोप लागली का, हे परीक्षकांच्या तक्त्यात नसतं.

खेळ म्हणून मांडलेलं नाटक कसं शिकार बनतं हे मराठी वाचकाला परदेशातून शिकायची गरज नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये तेच आहे. १९६७ साली रंगमंचावर आलेल्या या नाटकात हौशी नटांची टोळी वेळ घालवायला अभिरूप न्यायालयाचा खेळ मांडते. आरोपी लीला बेणारे. खटला खोटा, पण त्यात ओढले जातात ते तिच्या खऱ्या आयुष्याचे तुकडे. सगळे सभ्य, सुशिक्षित, ‘अगं, खेळच तर आहे’ म्हणणारे. तालमीच्या खोलीत मुलांना घेऊन बसणाऱ्या प्रत्येकाने हे नाटक दरवर्षी एकदा वाचावं. कुठल्या घडीला खेळ थांबायला हवा होता आणि तो कुणी थांबवला नाही, हे त्यात ओळीओळीला दिसतं.

म्हणून जाणकार मंडळी काही बंधनं पाळतात. गोष्ट बदलून, नाव बदलून घ्यायची. जिची गोष्ट तिला तीच भूमिका द्यायची नाही. मारणाऱ्याचं काम केलेल्या मुलाला खेळ संपल्यावर तसंच घरी सोडायचं नाही. त्याने स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं, अंग झटकायचं, बाकीच्यांनी त्याच्याशी हात मिळवायचा, म्हणजे भूमिका अंगावरून उतरते. ‘मला हे करायचं नाही’ असं म्हणून बाजूला बसायची मुभा प्रत्येकाला, कारण न विचारता.

एक प्रकारची हिंसा मात्र अशी आहे की तिच्यापुढे ‘तू काय वेगळं करशील?’ हा प्रश्नच निर्लज्ज ठरतो. मारणारा जेव्हा वर्दीत असतो तेव्हा मुलाने कुठल्या घडीला काय करायचं? अहमदाबादच्या छारानगरातल्या तरुणांपुढे हाच सवाल होता. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं त्यांत त्यांच्याही जमातीवर शिक्का बसला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो पुसला गेला, कागदावर. आपल्याकडचे कंजारभाट आणि छारा हा एकच गोतावळा. छारानगरात इंद्रेकर, माछरेकर अशी आडनावं भेटतात ती त्यामुळेच. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ वाचलेल्याला तिथली अवस्था वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. गणेश देवी आणि महाश्वेता देवी यांच्याबरोबर भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी १९९८ मध्ये उभ्या राहिलेल्या देशव्यापी गटात हेच गायकवाड होते.

त्या वर्षी फेब्रुवारीत बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर नावाचा तरुण बायकोला सायकलवर घेऊन चालला होता. वाटेत पानाच्या टपरीवर थांबला आणि पोलिसांनी त्याला तिथूनच उचललं. आठवड्याभरात तो कोठडीत मेला. गळफास घेतला, असं पोलिसांनी सांगितलं. कलकत्ता उच्च न्यायालयाने ते मानलं नाही, भरपाई आणि सीबीआय चौकशीचा हुकूम दिला. त्या निकालपत्रावरून छारानगरच्या तरुणांनी दक्षिण बजरंगे यांच्या पुढाकाराने ‘बुधन’ हे नाटक बसवलं आणि ३१ ऑगस्ट १९९८ रोजी आपल्याच वस्तीत केलं. नट आणि प्रेक्षक दोघांनाही कोठडीची ओळख होती. बंगालमधल्या अनोळखी शबराची गोष्ट करताना ते आपल्या बापाची, भावाची गोष्ट करत होते. ‘बुधन थिएटर’ तेव्हापासून उभं आहे. त्यातून लेखक, दिग्दर्शक, माहितीपट करणारे निघाले.

यात ‘थांबा!’ म्हणून पर्याय शोधणं नव्हतं. होती ती साक्ष. जे कोठडीच्या दाराआड झालं ते चौकात, दिवसाउजेडी, पुन्हा पुन्हा घडवून दाखवायचं आणि बघणाऱ्याला मान फिरवू द्यायची नाही. नाटकाने त्यांचं संरक्षण केलं का? जुलै २०१८ मध्ये छारानगरात मध्यरात्री पोलीस घुसले तेव्हा मारातून आणि अटकेतून नाटकवालेही सुटले नाहीत. एवढं खरं की त्या रात्रीची बातमी दडपली गेली नाही. वीस वर्षं लोकांसमोर उभं राहायची सवय झालेली माणसं दुसऱ्या दिवशी बोलायला तयार होती.

मग या सगळ्याचा गुण येतो का? मुलांना लैंगिक अत्याचारापासून जपायला शिकवणाऱ्या शालेय कार्यक्रमांचा, ज्यांत नाटकं, गाणी, बाहुल्या असं सगळं वापरलं जातं, एक मोठा आढावा कोक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये घेतला. २४ चाचण्या तपासल्या. मुलांची समज वाढते आणि धोका आला तर काय करायचं ते त्यांना जास्त नीट करून दाखवता येतं, असं दिसलं. मुलं घाबरून जातील, या पालकांच्या नेहमीच्या काळजीला आधार सापडला नाही. अत्याचार झाला असेल तर तो सांगण्याचं प्रमाण थोडं वाढल्याचे संकेत मिळाले. पण त्यामुळे अत्याचारच कमी होतात का, याचा पुरावा मात्र मिळाला नाही. मला हा निष्कर्ष प्रामाणिक वाटतो. मुलाला कितीही सावध केलं तरी अत्याचार थांबवण्याचं ओझं त्याच्या खांद्यावर टाकता येत नाही. ते काम मोठ्यांचं.

महाराष्ट्रात या कामाला जमीन तयार आहे. १९८६ मध्ये डॉ. मोहन आगाशे आणि थिएटर अॅकॅडमीने बर्लिनचं ‘ग्रिप्स’ हे बालनाट्य पुण्यात आणलं. ‘छान छोटे वाईट्ट मोठे’सारख्या नाटकांत मोठी नटमंडळी मुलं होऊन वावरली आणि राजा-राणी, पऱ्या यांच्याऐवजी पोरांची खरीखुरी भांडणं, मोठ्यांची अरेरावी बालरंगभूमीवर आली. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी २०१४ मध्ये ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. झोपडवस्तीतल्या मुलांनी आपले विषय आपणच निवडायचे, आपणच बसवायचे. दारू पिऊन मारणारा बाप तिथे कुणा लेखकाच्या टेबलावरून येत नाही. मतकरी २०२० मध्ये गेले, रंगमंच त्यांच्या मागेही चालू राहिला.

येत्या सुट्टीत कुणी शाळेत, वस्तीत, गणेशोत्सवाच्या मंडपात मुलांना घेऊन या विषयावर नाटक किंवा नाच बसवणार असेल तर त्याला एकच विनंती. संहिता नंतर, आधी हे ठरवा की तालमीत एखादं मूल खरंच काही सांगू लागलं तर तुम्ही काय करणार. ‘पॉक्सो’ कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे. म्हणजे ‘हे आपल्यातच राहील’ असं वचन मुलांना देऊ नका, ते तुम्हाला पाळता येणार नाही. जवळचा समुपदेशक कोण, कुठल्या पोलीस ठाण्यात जायचं, सोबत कोण येईल, याची नोंद पहिल्या तालमीच्या आधी करून ठेवा. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ आहे. तो चोवीस तास चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.